फौजदार ते आमदार: मधल्या रस्त्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: "मी पोलीस निरीक्षक आहे, सेवा २२ वर्षं झाली. एका तालुक्यात आधी सहायक निरीक्षक आणि नंतर प्रभारी म्हणून मिळून साडेतीन वर्षं काढली. तिथले लोक म्हणतात, साहेब, नोकरी सोडा, विधानसभेला उभे राहा, आम्ही निवडून आणतो. एका पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचाही निरोप आलाय. पोलीस खात्यातून गेलेल्या माणसाचं राजकारणात खरंच जमतं का? बायको म्हणते, आधी जिल्हा परिषद बघा."

मी फौजदार म्हणून लागलो आणि उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली सात वर्षं जिल्हा विशेष शाखेत गेली, म्हणजे सभा, मोर्चे, कोण कुणाच्या गाडीत बसला आणि कोण उतरला, हेच काम. निवृत्तीनंतर माझ्या एका बॅचमेटने विधानसभा लढवली, तेव्हा त्याचा निवडणूक प्रतिनिधी होतो. त्यामुळे हा खेळ कठड्याच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय.

आधी 'लोक म्हणतात' हे जरा तपासू. आज रात्री कागद घ्या आणि त्या लोकांची नावं लिहा. शांतता समितीचे सदस्य, चार-पाच पोलीस पाटील, गणेश मंडळांचे अध्यक्ष, दोन पत्रकार, एक लॉजवाला, एक वाळूवाला. बरोबर? या सगळ्यांचा व्यवहार त्या खुर्चीशी होता आणि आजही आहे. तुमच्या निरोप समारंभात ज्यांनी तुम्हाला फेटा बांधला, त्यांनीच आठवड्याभरात नव्या साहेबांनाही बांधला असणार. फेटेवालासुद्धा तोच. यात त्यांचा खोटेपणा नाही, पण याला मत म्हणत नाहीत.

आता जमतं का, याचं उत्तर. जमतं. माझं निरीक्षण मात्र जरा उलटं आहे: खालच्या हुद्द्यावरून, लवकर बाहेर पडलेल्यांना जास्त जमतं. खांद्यावर जितकं पितळ वाढतं, तितकं राजकारण शिकायला जड जातं.

२००२ ची उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवा. एका बाजूला भैरोंसिंह शेखावत, दुसऱ्या बाजूला आपले सुशीलकुमार शिंदे. देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी समोरासमोर उभे असलेले दोघंही एकेकाळचे फौजदार! शेखावत ४५४ मतं घेऊन जिंकले, शिंद्यांना ३०५ मिळाली. आयपीएस अधिकाऱ्यांच्या एवढ्या पिढ्या झाल्या, पण तिथपर्यंत पोहोचले ते दोन सब-इन्स्पेक्टर. शेखावत संस्थानी काळात सीकरला पोलिसात होते. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत दांता रामगढमधून आमदार झाले आणि पुढे तीनदा राजस्थानचे मुख्यमंत्री.

शिंद्यांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना अर्धी माहीत असते. सोलापूरच्या कोर्टात शिपाई, मग शिकत शिकत १९६५ मध्ये फौजदार, मग सीआयडी. सीआयडीतल्या माणसाला नेते जवळून दिसतात, तसे ते त्यांनाही दिसले. शरद पवारांच्या आग्रहावरून १९७१ मध्ये नोकरी सोडून ते काँग्रेसमध्ये गेले. इथवर सगळे सांगतात. पुढचं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. १९७२ ला करमाळ्याचं तिकीट त्यांना मिळालंच नाही. नोकरी गेलेली, तिकीट हुकलेलं. विधानसभेत ते आले १९७४ च्या पोटनिवडणुकीत. पुढे अर्थमंत्री म्हणून नऊ अर्थसंकल्प, २००३ मध्ये मुख्यमंत्री, मग आंध्रचे राज्यपाल, केंद्रात ऊर्जामंत्री आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री. ज्या खात्यात फौजदार होते, तिथले डीजी, म्हणजे पोलीस महासंचालक, त्यांना कडक सॅल्यूट ठोकत होते. हे सगळं ऐकताना १९७२ ते १९७४ मधली ती वर्षं तुम्हाला काढता येतील का, एवढंच स्वतःला विचारा. तेव्हा ते तिशीत होते. तुम्ही पंचेचाळिशीच्या पुढे असाल. घरात हप्ते असतील, मुलांच्या फिया असतील.

आता वरच्या हुद्द्यांकडे येऊ. मुंबईचे लागोपाठचे दोन पोलीस आयुक्त घ्या. आझाद मैदानच्या दंगलीनंतर ऑगस्ट २०१२ मध्ये अरूप पटनाईक गेले आणि सत्यपाल सिंह आले. सिंहांनी २०१४ च्या सुरुवातीला स्वेच्छानिवृत्ती घेतली, भाजपमध्ये गेले आणि उत्तर प्रदेशातल्या बागपतला राष्ट्रीय लोकदलाच्या खुद्द अजितसिंहांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलून खासदार झाले. पुढे केंद्रात राज्यमंत्रीही झाले. पटनाईक ओडिशात बिजू जनता दलात गेले, २०१९ ला भुवनेश्वरमधून आणि २०२४ ला पुरीतून लढले आणि दोन्ही वेळा हरले. दोघांचीही कारकीर्द मोठी, ओळख मोठी. फरक पडला तो पक्षाच्या हवेचा. आणि सिंहांचं पुढे काय झालं? २०१९ ला अजितसिंहांचे चिरंजीव जयंत चौधरींविरुद्ध जेमतेम २३ हजारांनी निघाले. २०२४ ला त्याच जयंत चौधरींच्या पक्षाशी भाजपची युती झाली, बागपतची जागा तिकडे गेली आणि सिंहांचं तिकीट गेलं. त्यांच्या हातून काही चूक झाली म्हणून नाही. जागावाटपात मतदारसंघ सुटतो, तसा माणूसही सुटतो.

किरण बेदींचं तर तुम्हाला आठवतच असेल. १९७२ च्या बॅचच्या, देशातल्या पहिल्या महिला आयपीएस. २०१५ च्या १५ जानेवारीला भाजपमध्ये आल्या, लगेच दिल्लीच्या मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवार झाल्या आणि ७ फेब्रुवारीला मतदान. कृष्णानगर हा भाजपचा हक्काचा मतदारसंघ, तिथे २,२७७ मतांनी पडल्या. तीन आठवड्यांत कार्यकर्त्यांची नावंसुद्धा पाठ होत नाहीत, आणि ज्यांनी पंधरा-पंधरा वर्षं सतरंज्या उचलल्या, ते अशा वेळी हात खिशात घालून बाजूला उभे राहतात.

सगळ्यात बोलकी गोष्ट बक्सरची. पुढे बिहारचे पोलीस महासंचालक झालेले गुप्तेश्वर पांडे यांनी २००९ मध्ये निवडणुकीसाठी स्वेच्छानिवृत्ती मागितली, तिकीट मिळालं नाही, परत खात्यात आले. २०२० मध्ये, डीजीपी असताना, पुन्हा निवृत्ती घेतली आणि जेडीयूमध्ये गेले. बक्सरची जागा युतीत भाजपकडे गेली आणि भाजपने तिकीट दिलं परशुराम चतुर्वेदींना. हे चतुर्वेदी पूर्वी पोलिसात शिपाई होते. डीजी घरी आणि शिपाई उमेदवार! निवडणुकीत चतुर्वेदीही हरले, ते वेगळं. पण तिकीट वाटणाऱ्या टेबलावर रँक चालत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगू?

अण्णामलाईंचा रस्ता वेगळा. आयपीएस, कर्नाटक केडर, २०११ ची बॅच, २०१९ मध्ये राजीनामा. पेन्शनही नाही, कारण तेवढी सेवाच नव्हती. २०२१ ला विधानसभा हरले, २०२४ ला कोईमतूर लोकसभा हरले, पण मधल्या काळात तमिळनाडू भाजपचे अध्यक्ष म्हणून गावोगाव फिरले. आपल्या अकोल्याचे शिवदीप लांडे यांनी बिहारमध्ये २०२४ ला आयपीएस सोडली, स्वतःचा पक्ष काढला, पण २०२५ ला दोन जागांवर अपक्ष म्हणूनच लढले आणि दोन्हीकडे हरले. लोकप्रियता खरी होती. पण सेल्फी घ्यायला आलेला पोरगा बूथवर दिवसभर बसत नाही.

आता माझ्या बॅचमेटची गोष्ट सांगतो. नाव आणि तालुका सांगत नाही. उत्तम अधिकारी, हात स्वच्छ. त्या तालुक्यात त्याने एक दरोडा चार दिवसांत उघडकीस आणला होता, सोनं जसंच्या तसं परत मिळवलं होतं. गावाने बैलगाडीतून मिरवणूक काढली होती. मोठ्या पक्षाने तिकीट दिलं नाही, एका छोट्या पक्षाचा एबी फॉर्म मिळाला. प्रचारात आम्ही पहिल्या दिवशी एका वस्तीवर गेलो. हा दारात उभा राहिला आणि घरातली सगळी माणसं ताडकन उठून उभी राहिली. हा आत जाऊन बसला आणि सवयीने विचारू लागला, "काय नाव? काय करता? मुलं किती? कुठं असतात?" जबाब घेतात तसं. कोपऱ्यातली म्हातारी हळूच म्हणाली, "साहेब, कुणाला न्यायला आलात?" बाहेर आल्यावर आम्ही पोट धरून हसलो. निकालानंतर ते वाक्य आठवून हसू आलं नाही.

निकाल लागला, अनामत गेली. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात, तिथपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. आठवड्याने मी फॉर्म २० मधली केंद्रनिहाय मतं काढली. त्या मिरवणुकीच्या गावात दोन बूथ, मतदान सुमारे तेराशे, आणि याला मतं १९. तो म्हणाला, मशीनमध्येच काहीतरी आहे. मी म्हटलं, मशीन राहू दे, तो गुन्हा आठव. आरोपी सात. त्यातले तीन त्याच गावच्या वस्तीवरचे. त्यांची भावकी दोनशे मतांची. चोरीचं सोनं घेतलं म्हणून ज्याला आत घेतला तो सोनार, त्याचा समाज. पण खरी मेख पुढे होती. त्या चार दिवसांत संशयावरून गावातली अकरा पोरं चौकशीला आणली होती आणि दोन-दोन रात्री बसवून सोडून दिली होती. दोषारोपपत्रात त्यांचं नाव नाही, म्हणून याच्या डोक्यातही ती नव्हती. त्यांच्या आयांच्या डोक्यात होती. आणि फिर्यादी? तो मला बाजारात भेटला. म्हणाला, "साहेबांचे उपकार आहेतच, पण नातीच्या ऑपरेशनचं आमदारांनी बघितलं ना." ती १९ मतं म्हणजे पोलीस पाटलाची भावकी असावी, तीही अर्धीच.

तुम्ही उघडकीस आणलेल्या प्रत्येक गुन्ह्याला एक फिर्यादी असतो आणि आरोपीचं अख्खं गणगोत असतं. फिर्यादी चार वर्षांत विसरतो. म्हणून ज्या तालुक्यात ओळख आहे म्हणून उभं राहायचं, तिथेच तुमच्या तडीपारीच्या प्रस्तावांतली, चॅप्टर केसेसमधली (शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतलेली) आणि 'जरा समज द्या' म्हणून बोलावलेली माणसं मतदार यादीत असतात. ती यादी एकदा खरोखर काढा. विशेष शाखेत असताना निवडणुकीचे माझे अंदाज सहसा चुकत नसत. मित्राच्या वेळी मात्र मी चाळीस हजार धरले होते. आपला माणूस उभा असला की गोपनीय अहवालही आंधळा होतो.

दुसरी गोष्ट कामाच्या सवयीची. आपल्याला प्रकरण संपवायची सवय. गुन्हा दाखल, तपास, दोषारोपपत्र, नाहीतर अ, ब, क पैकी एखादी समरी, म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल. अदखलपात्र असेल तर एनसी घ्या आणि कोर्टात जा म्हणून सांगा. आमदाराच्या दारात आलेल्या माणसाला असं पाठवता येत नाही. बांधाचं भांडण घेऊन दोन्ही भाऊ एकाच सकाळी येतात, दोघांनाही चहा द्यायचा, दोघांनाही 'बघतो' म्हणायचं, आणि दोघंही आपल्याच बाजूचे राहतील असं बघायचं. माझ्या मित्राने पहिल्याच अशा प्रसंगी विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" आणि तिथल्या तिथे निकाल दिला. निकाल बरोबर होता. धाकट्या भावाच्या घरची नऊ मतं गेली.

आणि वाट बघणं. उभ्या आयुष्यात तुम्ही वाट पाहिली ती एसपींच्या केबिनबाहेर. इथे वयाने तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान तालुकाध्यक्षाच्या ऑफिसात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसावं लागेल आणि तो बाहेर येऊन "अरे, तुम्ही बसलाय होय" म्हणेल. हे ज्याला सोसतं, त्याचंच पुढे काही होतं.

आपल्याकडे जमेच्याही गोष्टी आहेत, नाही असं नाही. कायदा पाठ असतो, अफवेचं मूळ कळतं, गर्दीचा रंग दहा मिनिटं आधी कळतो, आणि कुठल्या गावात कुठल्या दोन घरांचं जमत नाही हे तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. शिंद्यांना सीआयडीतल्या दिवसांचा उपयोग झालाच असणार. फक्त ही माहिती आता जरब बसवायला नाही, जोडायला वापरायची असते.

आता कागदांबद्दल. इथेच चांगले चांगले घसरतात.

पहिलं, आजपासून तोंड बंद. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ चा नियम ५ काढून वाचा. सेवेत असताना पक्षाशी संबंध नाही, प्रचार नाही, गाडीवर-घरावर चिन्ह नाही. मतदान करा, पण कुणाला केलं तेही सुचवायचं नाही. व्हॉट्सॲप स्टेटससुद्धा सांभाळा. जिल्हाध्यक्षांच्या 'निरोपा'ला उत्तर लेखी देऊ नका. ते स्क्रीनशॉट कुठे फिरतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं, राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत घोळ घालू नका. राजीनामा दिलात तर केलेली सेवा जप्त होते, पेन्शन जाते. तुमची २० वर्षं अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाली आहे, त्यामुळे पेन्शन नियमांतल्या नियम ६६ खाली तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्या. मुदत संपण्याआधी नकार आला नाही तर ती मुदत संपताच लागू होते. विभागीय चौकशी सुरू असेल तर मात्र ती आधी बघा, कारण तीवरून नकार येऊ शकतो, आणि निवृत्तीनंतरही नियम २७ खाली ती चालू राहते.

तिसरं, तारखा. अधिसूचना निघाल्यापासून अर्ज भरायला साधारण आठवडा असतो आणि दुसऱ्या दिवशी छाननी. छाननीच्या दिवशी तुम्ही सरकारी पदावर नसलं पाहिजे, नाहीतर लाभाच्या पदाचा मुद्दा येऊन अर्ज बाद. आचारसंहिता लागल्यावर नोटीस दिलीत तर तीन महिने संपेपर्यंत नवा आमदार शपथ घेऊन मोकळा झालेला असेल. मुदत कमी करण्याची विनंती करता येते, पण ती मान्य करणं वरच्यांच्या हातात. आंध्रातले सर्कल इन्स्पेक्टर गोरंटला माधव यांचं २०१९ मध्ये हेच झालं. सेवेतून मुक्त करणं अडकलं, प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर अर्ज भरता आला, आणि हिंदुपूरमधून ते खासदार झाले. २०२४ ला त्यांनाही तिथून तिकीट नव्हतं.

चौथं, नादेय दाखला. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची बाकी नाही, असा दाखला शपथपत्राबरोबर लागतो. पश्चिम बंगालचे आयपीएस देबाशिष धर नोकरी सोडून २०२४ ला बीरभूममधून भाजपचे उमेदवार झाले. प्रचार सुरू झाला होता. हा दाखला नाही म्हणून अर्ज बाद. सर्वोच्च न्यायालयात गेले, उपयोग झाला नाही, पक्षाने दुसरा उमेदवार दिला. तुमच्या किती बदल्या झाल्या, किती क्वार्टर्स, मोजा.

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही नाकाबंदीत पाहिलेलं आहे, त्यावर मी लिहीत नाही. ग्रॅच्युइटीला आणि भविष्य निर्वाह निधीला हात लावायचा नाही, एवढं मात्र घरात सगळ्यांसमोर कबूल करून टाका.

नोकरी सोडल्यावर काही काळ थांबण्याची सक्ती कायद्यात नाही. निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये तशी शिफारस केली होती, केंद्राने मानली नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदेमंडळाचा विषय म्हणून याचिका फेटाळली. माझं मत विचाराल तर सक्ती असायला हवी होती. तिकिटाचं मनात धरून बसलेला अधिकारी शेवटच्या वर्षात कुणाचा गुन्हा घेतो आणि कुणाचा टाळतो, हे मी पाहिलंय. सक्ती नसली तरी तुम्ही वर्ष-दीड वर्ष थांबा. गणवेश नसताना त्याच तालुक्यात भाड्याच्या घरात राहा, लग्नांना जा, दहाव्याला जा, तहसीलच्या आवारात उभे राहा. किती जण स्वतःहून जवळ येतात, ते मोजा. तुमच्या त्या यादीतला वाळूवाला येतो का, तेही बघा.

वहिनींचं म्हणणं मला पटतं. जिल्हा परिषदेचा गट लहान, चुका स्वस्तात होतात, आणि बूथ म्हणजे काय ते पायांना कळतं. पण एक बघा: १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या मुलामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील तर जिल्हा परिषदेला अपात्र ठरता. विधानसभेला ही अट नाही. तसं काही असेल तर वहिनींना आधी हे सांगा.

आणि क्वार्टर्सचे दाखले मात्र उद्यापासूनच गोळा करायला घ्या. माझ्या मित्राच्या नावावर एका जुन्या ठाण्याच्या क्वार्टरचं ११४० रुपयांचं वीजबिल निघालं. घर सोडून त्याला सात वर्षं झाली होती, मीटर पुढे तिघांनी वापरलं होतं. पैसे भरायला पाच मिनिटं लागली, दाखला हातात पडायला अकरा दिवस. छाननीच्या आदल्या संध्याकाळी मी तो कागद मोटारसायकलवरून घेऊन आलो.